तपकिरी कार्ड, पांढरी शाई

"कलर झेरॉक्सच्या मशीनमध्ये पांढरी शाई नसतेच, ताई," कुंदन म्हणाला आणि त्यानं ते कार्ड दाराच्या उजेडात धरलं. "मोबाइलवर पांढरं दिसतं. पण पांढरं म्हणजे तिथं काही छापायचं नाही, एवढंच मशीनला कळतं."

तपकिरी कार्डावर काळ्या रेघांची होडी झकास उमटली होती. खाली लाटा होत्या, कोपऱ्यात दोन मासे होते. फक्त नावं नव्हती. नवऱ्याचं नाही, नवरीचं नाही, कुणाच्या आईबापाचं नाही. पुष्पलतेनं ते कार्ड त्याच्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. लग्न तोंडावर आलेलं, मुरब्यात, त्यांच्या गावात, अजून एकाही घरी आमंत्रण गेलेलं नाही, आणि पोरीच्या हट्टापायी हे असलं खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं कार्ड. त्यावरही नावं गायब.

"मी म्हनत होते, दुकानातलं लाल-सोनेरी घेऊ," ती दिशाला म्हणाली. "गनपती हाय, कलश हाय, आपली नावं टाकून देतात. सगल्या गावाची लग्नं त्याच्यावर झाली. तुलाच काय ते येगलं पायजे."

"आई, गप ऱ्हा ना जरा." दिशा रडकुंडीला आली होती. तारापूरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिनं ती होडी मोबाइलवर बोटानं काढली होती, पुसली होती, पुन्हा काढली होती. दुसऱ्या दुकानात छापायला दिली आणि हे असं हातात आलं.

बोईसरला बाजाराच्या मागच्या बोळात कुंदनचा गाळा होता. कारखान्यांच्या डब्यांवरची लेबलं तो हातानं छापायचा. लाकडी चौकटीत ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई ओतायची आणि रबरी पट्टा ओढायचा, की जिथं अक्षरं उघडी असतील तिथूनच शाई खाली उतरते. ह्यात पांढरी शाई चालते. तपकिरीवर तर अशी उठते की बघत राहावं.

"एक विचारू?" दिशाच्या मोबाइलवरचा मजकूर वाचत तो म्हणाला. "कुणाच्याच नावामागं काही नाही. श्री. नाही, सौ. नाही. राहिलं का टाकायचं?"

"नाय ऱ्हायलं," दिशा म्हणाली. "कुनाच्याच नावामागं नको." बोलताना तिनं आईकडे पाहिलं नाही.

आणि तेव्हा कुठे पुष्पलतेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस ती पोरीवर करवादत होती, शहरी खूळ म्हणत होती. पण दुकानातल्या पत्रिकेत नवरीच्या बापाच्या नावामागं एक जागा असतेच. बाप असेल तर तिथं श्री. येतं, नसेल तर कै. येतं. दिशाच्या बापाच्या, हरेश्वरच्या नावामागं काय घालायचं, हे आईला विचारायला लागू नये, म्हणून पोरीनं अख्खं कार्डच नवं मांडलं होतं. पुष्पलतेला एकदम भरून आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

दिशा बारावीला होती तेव्हाची गोष्ट. हरेश्वर तांडेल दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बोट मासळीच्या धंद्याला गेली, भरून परत आली, सगळे उतरले आणि हरेश्वर नव्हता. रात्री जाळं ओढताना होता म्हणे, पहाटे चहाला हाक मारली तर नव्हता. कुणी पडताना बघितलं नाही, कुणी आवाज ऐकला नाही. गावच्या बोटींनी समुद्र पालथा घातला. काही लागलं नाही, एक चप्पलसुद्धा नाही. मेलेलं माणूस निदान किनाऱ्याला तरी लागतं. हा लागला नाही, म्हणून पुष्पलतेनं कपाळावरचं कुंकू ठेवलं. कुणी म्हणालं समुद्रातली सरहद्द ओलांडली म्हणून पल्याडच्या देशात पकडला असेल, की ही निघाली चौकशीला. पलीकडच्या तुरुंगातून खलाशी सुटून आल्याचं कळलं, की ही त्यांच्या दारात. भगतानं सांगितलं जिवंत आहे, दुसऱ्या भगतानं सांगितलं पश्चिमेला आहे. समुद्र तर पश्चिमेलाच असतो, पण तिनं तेही मानलं. सुकट-बोंबील विकून पोरीला शिकवलं आणि वाट बघितली. गावानं आधी कीव केली, मग कंटाळा केला. हल्ली हळदीला तिला बोलवावं की नाही, ह्यावर बायका तिच्या मागं कुजबुजायच्या.

कुंदननं जाळीवर मजकूर उतरवायला घेतला, तोच दारात मोटारसायकल थांबली. पाम गावचे एकनाथ आले. सुजितचे वडील, पुष्पलतेचे होणारे व्याही. दिशानं सुजितला मोबाइलवरचं कार्ड नावांसकट पाठवलं होतं, सुजितनं ते घरच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि सकाळपासून त्यांच्या घरात रणकंदन माजलं होतं.

"विहीणबाय, रंगाचं मला काय नाय," स्टुलावर टेकत एकनाथ म्हणाले. माणूस भला होता. "तपकिरी असो नायतर काला असो. पन आमच्या म्हातारीनं, माज्या आईनं, सकालपासनं पानी घेतलं नाय. ती म्हनते, पोरीचा बाप हाय का नाय, ते पैलं सांगा."

पुष्पलतेनं हातातलं कार्ड उपडं करून ठेवलं.

"जिता असंल तर श्री. लिवा आनि मांडवात बशवा. नसंल तर कै. लिवा. तुमी त्याचे दिवस घातले नाय. म्हातारी म्हनते, जो गेला त्याचे दिवस झाले नाय, तर त्या घरात सूतक हाय. सूतकाच्या घरातली पोर आमी कशी आनायची? माजे भाव येनार नाय मांडवात. मी एकटा काय करू?"

"श्री. लिवा," पुष्पलता घाईनं म्हणाली. "लिवा श्री."

"आनि इचारलं कुटं हाय, तर?"

दिशाचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुजित चांगला मुलगा होता, पण घरच्यांना सोडून येणाऱ्यातला नव्हता. ते दिशालाही ठाऊक होतं. एका बाजूला पोर, एका बाजूला हरेश्वर. कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं, हे असं भर दुपारी, शाईच्या वासात, परक्या माणसापुढे ठरवायचं होतं.

"तुमचे पाय धरते, भाव," ती म्हणाली आणि खरंच खाली वाकली. एकनाथ दचकून उठले.

शेवटी मार्ग कुंदननं काढला. धंदेवाईक माणूस, त्याला वाटलं सोपं आहे. "असं करू. जाळीत कै. ठेवतो. मुरब्याची कार्डं काढताना त्याच्यावर चिकटपट्टी लावतो, मग ते उमटणारच नाही. पामची काढताना पट्टी काढतो. दोन्ही गावांची कार्डं वेगळी. कोण कुणाचं बघायला येतंय?"

एकनाथांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांना घरी दाखवायला काहीतरी मिळालं होतं. दिशानं आईकडे पाहिलं. पुष्पलतेनं मान हलवली. मुरब्यात तो आहे, पामला तो नाही. पोरीचं लग्न होईल. देवाशप्पथ, तिला त्या घटकेला एवढंच हवं होतं.

एकनाथ गेले. जाळी तयार झाली, पट्टी लागली आणि मुरब्याची कार्डं निघू लागली. पांढरी नावं तपकिरीवर टपोरी उठली. फळ्यांवर ती ओळीत मांडायला पुष्पलतेला कुणी सांगावं लागलं नाही, जन्मभर तिनं मासळी वाळत घातली होती. कार्डाला कडेनं धरायची, दुसऱ्याला चिकटू न देता ठेवायची. हरेश्वर तांडेल, पुन्हा हरेश्वर तांडेल. तिला बरं वाटत होतं.

मग कुंदननं पट्टी सोलून काढली आणि पामची घेतली. आता तिचे हात जड झाले. तरी मांडत राहिली. एक अक्षर तर होतं.

सगळं झाल्यावर कुंदननं हात पुसले आणि सहज विचारलं, "मावशी, देवापुढं ठेवायचं कार्ड वेगळ्या पाकिटात घालतो. कोणतं घालू? ह्यातलं का त्यातलं?"

पहिली पत्रिका देवीला, मग माणसांना. एवढं सगळं करताना हे तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दिशाचा हात दोन्ही फळ्यांच्या मध्ये थांबला. तिनं एका कार्डाकडे नेला, मागे घेतला, दुसऱ्याकडे नेला. "आई, तू सांग," ती हळूच म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

पुष्पलता दोन्ही फळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मी सगल्यांना इचारलं," ती म्हणाली. "भगताला इचारलं, खलाशांना इचारलं, सायबांना इचारलं. देवीला कदी नाय इचारलं. रोज दिवा लावते, पन इचारलं नाय. ती खरं सांगंल म्हनून."

"आई..."

"गावाला काय पन सांगू. तिला काय सांगू, दिशा? तिला म्हायती हाय." तिनं मुरब्याच्या फळीवरचं एक कार्ड उचललं आणि कुंदनपुढे धरलं. "ह्याच्यावर ते पामचं अक्षर घालता येईल मागनं?"

"येईल. बाकीची जाळी झाकून टाकतो, तेवढंच उघडं ठेवतो. हे एकच करायचं का?"

"सगली करा. भटाला आजच सांगते. लग्नाच्या आदी दिवस घालून घेऊ." मग थोडं थांबून म्हणाली, "पैलं मी वढते."

कुंदननं पट्ट्या चिकटवून सगळी नावं झाकली. जाळीत फक्त एका अक्षराएवढी फट राहिली. खाली कार्ड बरोबर बसवून त्यानं रबरी पट्टा तिच्या हातात दिला. "एका दमात ओढा, मावशी. मध्ये थांबलात तर डाग पडतो."

ती थांबली नाही. चौकट उचलल्यावर हरेश्वरच्या नावामागं ते एक अक्षर पांढरं, ओलं चकाकत होतं. बाकीची मग कुंदननं केली.

दुपार कलली. दिशानं डोळे पुसले, पिशवी खांद्याला लावली आणि दारात उभी राहिली. "चल ना आई. कार्डं संद्याकाली सुजित घेऊन येईल."

"तू हो फुडं. ओली हायत अजून."

"म्हनून काय झालं?"

"बोट लागलं तर पुसलं जाईल."

"घाई असेल तर पंखा वाढवतो," कुंदन म्हणाला. "पटकन वाळतील."

"ऱ्हाऊ द्या," पुष्पलता म्हणाली. "हलूहलू वालू दे."

तिनं देवीचं कार्ड एका फळीवर एकटं ठेवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर मांडी घातली. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, चुकूनही बोट लागू नये म्हणून. दिशा थोडा वेळ दारात उभी राहिली, मग पिशवी खाली ठेवून आईशेजारी येऊन बसली. हरेश्वर गेला तेव्हा त्याच्याजवळ असं बसायला त्यांना मिळालं नव्हतं.