दोन घंट्यांचं प्रस्थान

राजलक्ष्मीबाईंनी इंदुताईंच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि आत न शिरताच विचारलं,

"मधूनं प्रस्थान नेलं होतं ना हो?"

इंदुताई तांदूळ निवडत होत्या. ताट सारून त्या लगबगीनं उठल्या नि कोनाड्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नेलं की वहिनी. हसतच नेलं. या, बसा ना."

विमानाच्या मिस्त्रीकामाला लागलेला मधू इंदूरला निघाला, त्या दिवशी नेमकी अमावास्या. विमानाला कुठला आलाय मुहूर्त! पण राजलक्ष्मीबाईंनी हट्टच धरला. आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून त्याच्या जुन्या उपरण्यात मूठभर तांदूळ नि सुपारी बांधली आणि ते गाठोडं गल्लीच्या तोंडाशी, इंदुताईंकडे नेऊन ठेवलं. म्हणजे प्रवास आदल्या दिवशीच सुरू झाला, अमावास्येचा दोष टळला. जाणाऱ्यानं वाटेत ते आपल्या हातानं उचलून बरोबर न्यायचं, एवढीच अट.

मधूला हसू आवरेना.

"अगं आई, पावणेतीनशे मैल! रेलगाडीला दिवस-रात्र लागते, विमानाला फक्त दोन घंटे. तुझी पुरणाची डाळ शिजेपर्यंत मी इंदूरला उतरलेला असेन. त्याला कसलं प्रस्थान?"

"असू दे. घेऊन जा."

"बरं बाई, नेतो."

विमान इंदूरला उतरलंच नाही. शिवपुरीपुढच्या जंगलात शोध चालू आहे, याहून जास्त काही विमानतळावरून कळेना. पौर्णिमा उलटली. काल किला गेटजवळ राहणारे भाऊबंद येऊन ओसरीवर कुजबुजून गेले. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, सुनेचं कुंकू कुठवर ठेवणार? मुकुंदरावांनी, मधूच्या वडिलांनी, मान खाली घातली. राजलक्ष्मीबाई तेवढ्या कडाडल्या, "माझ्या मुलानं प्रस्थान नेलंय. तो परत येणार!" बुडत्याला काडीचा आधार, तसं ते गाठोडं.

आता त्या आत येऊन टेकल्या आणि त्यांचं लक्ष इंदुताईंमागच्या कोनाड्याकडे गेलं. त्याला कधी पडदा नव्हता. आज लुगड्याचा तुकडा टांगला होता नि त्याच्याखाली उपरण्याची निळी किनार दिसत होती. गाठही त्यांनीच मारलेली.

इंदुताईंनी त्यांची नजर पाहिली. त्यांना रडू कोसळलं.

"वहिनी, त्याची विमानतळाची मोटार इथं थांबलीच नाही हो. मी दारातच उभी होते, हातात घेऊन…"

"राहू द्या," राजलक्ष्मीबाई उठत म्हणाल्या. "नेलं म्हणालात ना? मग नेलं. कुणी विचारलं तर हेच सांगा."

घरी मधूची बायको शरयू दारातच वाट पाहत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं पुसट झालं होतं.

"काय म्हणाल्या इंदुमावशी?"

राजलक्ष्मीबाई देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. सुनेची हनुवटी धरून त्यांनी तिला रोजच्याहून मोठं कुंकू लावलं.

"नेलं गं," त्या म्हणाल्या. "हसत नेलं."