वाचून समजावले

लालबागच्या गटारखात्याच्या चौकीत इंग्रजी वाचता येणारा माणूस एकच, कारकून कमलाकांत कीर्तिकर. गिरगावातल्या जुन्या घराण्यातला, मॅट्रिक झालेला, आणि अक्षर असं की लोकांनी नुसतं बघत राहावं. सत्तावन सालच्या निवडणुकीच्या दिवसांत या अक्षरानं त्याला बरंच नाव मिळवून दिलं. समितीच्या सभांचे फलक तोच लिहायचा. कचेरी सुटली की गिरगावात जाऊन मांडी ठोकून बसायचं आणि ‘मराठी माणसाचा कारभार मराठीत’ असं हातभर अक्षरांत रंगवायचं. तो ते मनापासून करायचा, त्यात खोट नव्हती.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी वरून एक परिपत्रक आलं. दीड पान, सगळं इंग्रजीत. मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याआधी शेजारची दोन्ही झाकणं तासभर उघडी ठेवावीत. जाळीचा दिवा दोरीनं खाली सोडून बघावा. विझला तर कोणी उतरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. आणि आत कोणी पडलाच, तर त्याच्यामागे दुसऱ्यानं दोराशिवाय मुळीच उतरू नये. तळाशी हुकूम होता: कारकुनानं याचं मराठी करून सर्व कामगारांना वाचून समजावावं आणि तसं नोंदवहीत लिहावं.

कमलाकांतनं त्याच दुपारी दौत पुढे ओढली. पण ‘सफोकेशन’ला चांगला मराठी शब्द सुचेना. ‘गुदमरणं’ त्याला फार घरगुती वाटलं. उद्या बघू म्हणून त्यानं कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रभातफेरीचे फलक आले, तिसऱ्या दिवशी आणखी काही. मूळ इंग्रजी कागद तेवढा त्यानं चौकीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून दिला.

पंधरा दिवसांनी वरून विचारणा आली, नोंद कुठे आहे? कमलाकांतनं मुकादम कुशाबाला हाक मारली.

“कुशाबा, इथं अंगठा लाव.”

“कसला कागद, भाऊसाहेब?”

“कामाच्या नियमांचा. सवडीनं वाचून दाखवतो सगळ्यांना.”

कुशाबानं अंगठा लावला. वर कमलाकांतनं आपल्या देखण्या अक्षरात लिहिलं, ‘वाचून समजावले’, आणि सही केली.

मतदान आठ दिवसांवर आलं असताना परळकडच्या रस्त्यावर गटार तुंबलं. लोकांची ओरड सुरू झाली. सकाळी दहाच्या सुमाराला कुशाबा चार माणसं घेऊन गेला. एकच झाकण उघडलं, पाच मिनिटं थांबले, आणि राजाराम आत उतरला. चार पायऱ्या उतरला नाही तोच हात सुटून खाली पडला. काठावर सीताराम उभा होता. दोघे नायगावच्या एकाच चाळीतले. मागच्या दसऱ्याला दोघांनी एकाच गाडीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. सीतारामनं कुणाला विचारलं नाही. तो तसाच उतरला, राजारामला खांद्यावर घेऊन वर रेटलं, वरच्यांनी राजारामला काखेत धरून ओढून काढलं. सीतारामसाठी हात खाली गेले तेव्हा तिथं कोणी नव्हतं. बंबवाले आले, त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो गेलेला होता.

कमलाकांतला चौकीत ही बातमी कळली तेव्हा त्याची नजर आपोआप भिंतीवरच्या कागदाकडे गेली. तळच्या हुकुमाच्या वरचं वाक्य: दोराशिवाय मागे उतरू नये. त्याला ते पाठ होतं. एवढ्या दिवसांत पाठ असणारा तो एकटाच होता.

चौकशीला वरचे साहेब आले. राजाराम अजून इस्पितळात होता, त्याला कुणी विचारलं नाही. साहेबांनी नोंदवही कुशाबापुढे केली.

“हा अंगठा तुझा?”

“व्हय साहेब.”

“मग दिवा का सोडला नाही? दोर कुठे होता?”

कुशाबानं कमलाकांतकडे पाहिलं. कमलाकांत टाकाचं टोक पुसत होता. त्याला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोलला तर बरं होईल. पण कुशाबा मान खाली घालून म्हणाला, “भाऊसाहेबांनी वाचलं आसंल. माज्या ध्यानात ऱ्हायलं नसंल साहेब. मीच सीतारामला आडवायला पायजे व्हतं.”

“कीर्तिकर, तुम्हांला काही सांगायचंय?”

“नाही साहेब,” कमलाकांत म्हणाला.

कुशाबाला त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना त्यानं कमलाकांतला नमस्कार केला. त्या नमस्कारानं कमलाकांतचं जेवण सुटलं. समितीच्या कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा त्यानं हात दुखतोय म्हणून कळवलं. बायको दुर्गा विचारून विचारून थकली. “ऑफिसात काही झालंय का?” तो म्हणायचा, “काही नाही.” आणि मनात म्हणायचा, काही केलं नाही, तेच झालंय.

मार्चच्या अखेरीला सीतारामची बायको सुंदराबाई चौकीत आली. सोबत राजाराम होता, काठी टेकत. तिच्या हातात लांबट पाकीट होतं.

“भाऊसाहेब, हे घरी आलंय. इंग्रजी हाय. तुम्ही वाचून सांगा.”

कमलाकांतनं कागद उघडला. मयत कामगार सीताराम यानं, त्याला वाचून समजावलेल्या सूचनांची पर्वा न करता, मॅनहोलमध्ये प्रवेश केला. सबब मृत्यूस तो स्वतः जबाबदार आहे. कमलाकांत मनातल्या मनात दोनदा वाचून गेला. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. ‘खात्याला दुःख झालं आहे’ एवढं म्हटलं असतं तरी ती कागद घडी करून घेऊन गेली असती.

“काय लिवलंय?”

त्यानं शब्द न् शब्द मराठीत सांगितला. या वेळी एकही शब्द अडला नाही.

 राजारामनं विचारलं. “वाचून समजावल्या? कवा? मी त्या दिसापातुर एक दिवस खाडा केला न्हाई. मला कुनी वाचून दाखवलं न्हाई, तर त्याला कुनी दाखवलं?”

“कुणी नाही,” कमलाकांत म्हणाला. “ते काम माझं होतं. मी दाखवलं नाही. नोंद मी खोटी केली. कुशाबाचा अंगठा मी फसवून घेतला.”

राजाराम काठी टेकत एक पाऊल पुढे आला. त्यानं ती उगारली असती तर कमलाकांत जागचा हलला नसता. सुंदराबाईनं राजारामच्या दंडाला धरलं.

“नियमात काय व्हतं?” तिनं विचारलं.

“दोराशिवाय मागोमाग उतरू नये, असं.”

तिनं त्याच्या हातातून कागद परत घेतला. “त्यो ऐकून बी उतरला असता,” ती म्हणाली. “पन दोर तरी बांधला असता. आत्ता जे तोंडानं बोललात ते लिवून द्या.”

त्यानं तिथंच लिहून दिलं. एक प्रत तिला, एक साहेबांना. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं. “कीर्तिकर, प्रकरण मिटलंय. कागद परत घ्या. संसार आहे तुम्हांला.” कमलाकांत म्हणाला, “सीतारामलाही होता साहेब.” कागद त्यानं परत घेतला नाही.

त्याला सहा महिने घरी बसवलं, मग खालच्या जागेवर वडाळ्याच्या भांडारात टाकलं. सीतारामवरचा ठपका पुसला गेला. कुशाबाला परत घेतलं. कमलाकांत त्याच्या खोलीवर माफी मागायला गेला तेव्हा पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो करून बोलला. कुशाबानं ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाला, “तुमचं तुमी लिवून मोकळं झालात. मला लिवता येत न्हाई. ‘उतर’ म्हनलं राजारामला, ते मीच. ते कुटं देऊ?” कमलाकांत चहा तसाच ठेवून उठला.

सुंदराबाईला नवऱ्याच्या जागी झाडूखात्यात घेतलं होतं. पुढल्या पावसाळ्यात तिची बदली वडाळ्याला झाली. दर सोमवारी बायका झाडू न्यायला भांडारात यायच्या, त्यांत ती असायची. बाकीच्या बायका त्याच्याशी हसायच्या, भांडायच्या, घाई करायच्या. ती कामापुरतं बोलायची. तिनं एकदा शिव्या घालाव्यात, असं त्याला फार वाटायचं. तिनं ते सुख त्याला कधी दिलं नाही.

एका सोमवारी तिनं उचललेला झाडू परत खिडकीवर ठेवला. दांडा मधोमध चिरलेला होता, कुसळं बाहेर आलेली.

“ह्यो नको. कुनाच्या तरी हातात घुसंल.”

कमलाकांतनं दुसरा दिला. चिरलेला मोडून कोपऱ्यात टाकला. मग त्यानं सगळी जुडी खाली ओढली आणि एकेक दांडा उजेडात धरून बघू लागला. बायका खोळंबल्या, कुरकुरल्या. सुंदराबाई आपला झाडू घेऊन केव्हाच रस्त्याला लागली होती.