सैदलवीची फायनल आणि नैलाची शू

पेनल्टीपासून सुरुवात करावी म्हटलं, तर पेनल्टीला शिट्टी लागते, आणि नेमकं तिथंच सगळं अडलेलं. तेव्हा आधी शिट्टीचं सांगतो.

सैदलवी शिंपी. भाताची कापणी उरकली, शेतात पोफळीच्या खोडांची गॅलरी उभी राहिली, की तो मशीन झाकून ठेवायचा आणि सात-सात जणांच्या सेव्हन्स फुटबॉलच्या सामन्यांत लाइनवर झेंडा घेऊन धावायचा. वर्षानुवर्षं झेंडाच. एकदा तरी फायनलला मैदानाच्या मधोमध रेफरी म्हणून उभं राहायचं, एवढं त्याचं स्वप्न. बायकोला सांगण्याइतपत मोठं, बायको हसेल इतपत लहान.

तोवर शिट्टीचा सराव घरातच. नैला, त्याची अडीच वर्षांची लेक, हिचा डायपर सोडवायचा होता. बायको रमलत दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, धीर धरायचा. सैदलवी म्हणाला, शिस्त लागते ती शिट्टीने. अंगणात माडाखाली पोरीला बसवायचं आणि हळूच शिट्टी वाजवायची. पोरगी करायची. दर वेळी! सैदलवीने हे चहाच्या टपरीवर सांगितलं, मशिदीच्या पायऱ्यांवर सांगितलं, ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायकांनाही सांगितलं.

"इक्का, अंगणातलं काय सांगता?" रमलत म्हणाली. "बाहेर नेऊन दाखवा."

आणि फायनलच्या दिवशी सकाळी ठरलेल्या रेफरीचा पाय मुरगळला.

(सैदलवीने आनंद लपवला, असं इथे लिहायला हवं. नाही लपवला.)

रमलतला दिवसपाळी होती, म्हणजे नैला उप्पाबरोबर, बापाबरोबर, मैदानात.

"पिशवीत डायपर टाकलाय."

"काढ तो. रेफरीच्या पोरीला डायपर?"

रमलतने काढला. काढताना ती एक शब्द बोलली नाही, हे सैदलवीने स्वतःच्या बाजूने धरलं.

*

गॅलरीच्या मागे. पुरुषांसाठी झावळ्यांचा आडोसा होता, आडोशापुढे रांग होती, आणि आतून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघून सैदलवीने पोरीला मागच्या बांधावर नेलं.

"मोळे, बाळा, बस. कर शू."

"नाही आली."

सैदलवीने शिट्टी तोंडात धरली आणि अगदी हळू, अंगणातल्यासारखी, फुंकली.

मैदानात चौदा माणसं धावत सुटली. बॉल अजून हवा भरायला पंपवाल्याकडेच होता.

लाऊडस्पीकर: "प्रेक्षकहो, सामना सुरू झालेला आहे! थांबा… झालेला नाही. रेफरी कुठं आहेत? रेफरींनी असतील तिथून मैदानात यावं."

"उप्पा, सगळे बघतायत," नैला म्हणाली आणि उठून उभी राहिली.

खरंच बघत होते. गॅलरीच्या फटींतून डोळेच डोळे.

मग घाई. कमिटीचे अध्यक्ष बापुट्टी हाजी पहिल्या ओळीत खुर्चीवर बसले होते, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र मुंडू नेसून. "आण इकडे तिला. माझ्या नातीएवढीच आहे," ते म्हणाले. नैला त्यांच्या मांडीवर बसली. त्यांचं लिंबाचं सरबत तिने दोन्ही हातांनी धरलं आणि तळ दिसेपर्यंत सोडलं नाही.

सैदलवी मधोमध पोहोचला. छाती फुगवली. शिट्टी ओठात धरली.

आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. शिट्टी, सरबत, हाजियारांचा मुंडू.

शिट्टी ओठातून खाली आली. त्याने हात वर करून खाली आणला आणि ओरडला, "हं, खेळा!"

*

गॅलरीतून, पहिला अर्धा वेळ:

"सैदलविक्का, शिट्टी गिळली काय?"

"टाके घातले असतील तोंडाला. शिंपीच तो."

"अरे, फाउल! तो बघा, फाउलवाल्याची कॉलर धरून सांगतोय!"

"माप घेतोय. घेऊ द्या."

सैदलवी आयुष्यात धावला नव्हता इतका धावला. जिथे फाउल तिथे स्वतः जायचं, दोघांच्या मध्ये घुसायचं, हात पसरायचे. एकदा त्याच्याच पाठीवर बॉल आदळून गोल झाला, तो रद्द करताना त्याला स्वतःचीच मान्यता घ्यावी लागली. दर वेळी नजर पहिल्या ओळीकडे. नैला टाळ्या वाजवत होती. मुंडू पांढरा होता.

स्वप्नात त्याने ही फायनल कितीदा खेळवली होती. स्वप्नात तो कधी मुंडूकडे बघत नव्हता.

*

आता पेनल्टी.

बरोबरी, शेवटची काही मिनिटं. पाहुण्यांचा फॉरवर्ड गोलसमोर एकटा, आणि मागून यजमानांच्या बॅकने त्याला पायात पाय घालून आडवा केला. आंधळ्यालाही दिसावं असं. सैदलवी हात हलवत "थांबा! थांबा!" ओरडला, पण त्या कल्लोळात कोण ऐकतो? यजमानांनी बॉल उचलून पलीकडे मारला, पलीकडे त्यांचा माणूस मोकळा, तो निघाला. हा गोल झाला असता तर गॅलरी मोडली असती, आणि तिच्या खाली सगळ्यात आधी सैदलवी सापडला असता.

आज रेफरी व्हायचं की बाप?

त्याने डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली. लांब, खणखणीत, इतक्या वर्षांची साठलेली.

सगळं थांबलं. सैदलवीने एक डोळा उघडला.

नैला हाजियारांच्या मांडीवरून खाली उतरली होती. फ्रॉक पोटाशी गोळा करून, इवल्या पायांनी रेघ ओलांडून ती तुरुतुरु थेट त्याच्याकडे येत होती. "उप्पा, आली! उप्पा, आली!" पेनल्टीच्या चुन्याच्या ठिपक्यापाशी ती पोहोचली, चड्डी खाली केली, बसली. उप्पा शिट्टी वाजवतो तिथं जाऊन करायची. शिकवलंच होतं तसं.

सरबत बरंच होतं.

मग पहिल्या ओळीतून हाजियार स्वतःचा मुंडू चाचपत म्हणाले, "माशाल्ला!" आणि गॅलरी फुटली.

"मी तिथे बॉल ठेवणार नाही," पेनल्टी घेणारा म्हणाला. "सूर्य मावळला की मग्रिबची नमाज आहे. कपड्यांना उडालं तर?"

तेव्हा फायनलचा रेफरी पाण्याने भरलेली तोटीची किंडी घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने पेनल्टीची जागा धुतली. एकदा धुतली, तर गोलकीपर म्हणाला, "अजून एकदा." लाऊडस्पीकरवाल्याला राहवलं नाही: "रमलत सिस्टर जिथे कुठे असतील, त्यांनी नोंद घ्यावी."

बॉल ठेवला. आता परत शिट्टी. नैला आता त्याच्या काखेत.

"मोळे, संपली?"

"संपली."

ती सकाळीही असंच म्हणाली होती, आणि नंतर गादी वाळत घालावी लागली होती. सैदलवीने हात लांब करून तिला अंगापासून दूर धरलं आणि शिट्टी वाजवली.

काही नाही. थेंब नाही. शिट्टी ऐकून नैलाने नुसतं त्याच्याकडे बघितलं. सैदलवी तिच्या कोरड्या फ्रॉककडे बघतच राहिला, इतका वेळ की गॅलरीत ओरडा झाला, टोप्या उडाल्या, आणि लाइनवरचा माणूस झेंडा हलवत त्याच्यापाशी आला.

"गोल झाला काय रे?" सैदलवीने विचारलं.

"रेफरी तुम्ही की मी?"

सैदलवीने दोन्ही संघांच्या गॅलऱ्यांकडे बघितलं. जी गॅलरी नाचत होती, तिच्या बाजूने त्याने रुबाबात हात केला.