यादीतली चौथी

मित्रांनो, मी कॉफीची एक जुनी मशीन आहे. इटलीतल्या तोरिनो शहरात, कमानींखालच्या रस्त्यावर, बेर्तोलिनोंच्या दुकानातल्या काउंटरवर माझी जागा आहे. माझं अंग पितळेचं, पोटात पाण्याची टाकी आणि समोर लाकडी मुठींचे तीन दांडे. बटण एकही नाही. दांडा खाली ओढायचा आणि सावकाश वर जाऊ द्यायचा. मग कपात जी धार उतरते, तिच्यासाठी लोक पावसात भिजत यायचे.

मिलानच्या एका छोट्या कारखान्यातून मला एर्मेते बेर्तोलिनोंनी आणलं. त्यांची मुलगी देल्फिना एकोणीस वर्षांची असताना माझ्यावर काम शिकली. पहिल्याच दिवशी दांडा तिच्या हातून सुटला आणि हनुवटीवर बसला.

"तिला घाई चालत नाही," एर्मेते म्हणाले. "तुझं आणि तिचं जमायला वेळ लागेल."

"मला लागलंय ते बघा ना आधी, बाबा," देल्फिना हनुवटीवर बर्फ धरून म्हणाली.

पण जमलं. पुढे एर्मेते गेले आणि आम्ही दोघीच उरलो. माझ्या पोटातल्या आवाजावरून तिला पाण्याचा दाब कळायचा. तिची मूठ दांड्यावर पडली की आज तिचं मन कसं आहे, ते मला कळायचं. एकतीस वर्षं हे असं चाललं.

रोज सकाळी वोत्तेरोकाका यायचे. निवृत्त ट्रामचालक. काउंटरशी उभं राहून दोन घोटांत कॉफी संपवायचे.

"आज कडू झालीय. भांडलीस वाटतं कुणाशी?"

"तुमच्याशी भांडायचं राहिलंय, काका. थांबा जरा."

मग एका मासिकाची बाई आली. तिने लेख लिहिला: तोरिनोत दोन दिवस, काय पाहाल, काय कराल. पहिला नंबर उंच मनोऱ्यावरून दिसणाऱ्या बर्फाच्या डोंगरांचा, दुसरा राजवाड्याचा, तिसरा चौकात बसून संध्याकाळी घ्यायच्या वर्मुथ या मसालेदार वाइनचा. चौथी मी.

खरं सांगते, मी सुखावले. चाकांच्या बॅगा ओढत लोक येऊ लागले. झुळझुळीत रेशमी स्कार्फ, चकचकीत बूट, हातात फोन. रांग कमानीच्या चौथ्या खांबापर्यंत जायची. देल्फिना दिवसभर दांडे ओढायची. हळूहळू तिचं मनगट सुजलं. ती कुणाला बोलली नाही, पण तिची मूठ सैल पडतेय हे मला जाणवत होतं.

एका सोमवारी, दुकान बंद असताना, दोन कारागीर आले. मला वाटलं, माझी दुरुस्ती करतायत. त्यांनी माझी टाकी रिकामी केली, नळी काढली आणि मला पुसून आरशासारखी लख्ख केली. मग आतल्या खोलीत, पडद्यामागे, बटणांची नवी मशीन बसवली.

मंगळवारपासून देल्फिना माझ्याखाली रिकामा कप ठेवू लागली. दांडा अलगद ओढायची. लोक फोनमध्ये टिपायचे. मग "बशी लावून आणते" म्हणत ती कप घेऊन आत जायची आणि भरलेला घेऊन यायची.

वोत्तेरोकाकांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. कप पूर्वीपासून माझ्या डोक्यावरच ठेवलेले असत, माझ्या उबेने तापलेले.

"देल्फिना, कपाचा कान गार आहे."

ती काउंटर पुसत राहिली.

"मशीन बंद आहे ना?"

"बाहेर रांग बघा, काका. आणि हे मनगट बघा."

"मग लोकांना सांग तसं."

"सांगितलं तर येईल का कुणी?"

काकांनी कॉफी तशीच ठेवली आणि ते निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. ते आठ दिवस, मित्रांनो, मी ताठ मानेने उभी होते. या शहरात एक माणूस तरी माझ्या बाजूचा आहे, असं मला वाटत होतं.

नवव्या दिवशी ते आले. देल्फिनाने कप पुढे केला. त्यांनी तो दोन घोटांत संपवला. शेजारच्या एका पाहुण्या जोडप्याने विचारलं, "खरंच एवढी जुनी आहे ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "चाळीस वर्षं हिचीच कॉफी पितोय. चव तसूभरही बदललेली नाही."

देल्फिनाने त्यांच्यासमोर हेझलनटचं एक चॉकलेट ठेवलं.

मित्रांनो, देल्फिनाच्या मनगटाचा मला राग नाही. "आता मला झेपत नाही," असं ती म्हणाली असती, तर मी आनंदाने अडगळीत गेले असते. तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील, म्हातारी माणसं असतील. त्यांचं काम थांबलं तर थांबू द्या. त्यांना विसरलात तरी एक वेळ चालेल. पण त्यांना सजवून दारात उभं करू नका आणि जे त्यांनी केलं नाही, ते त्यांच्या नावावर खपवू नका. इथे रोज शंभर माणसं माझं कौतुक करतात, आणि ते नाकारायला मला तोंड नाही.