मोरीचं पाणी

कॉलेजात शिकलेलं सगळं घरी आणून आईपुढे ओतायची जागृतीला खोड होती, आणि सुमतीबाईंना त्यातलं काहीही न ऐकायची. जुन्नरच्या त्या घरात जैनांच्या रीतीनं पाणी फडक्यातून गाळलं जाई आणि फडक्यातले जीव पुन्हा आडात सोडले जात. "तुझं शास्त्र अवसरीलाच ठेवून येत जा," आई म्हणायची.

अवसरीच्या कॉलेजात जागृतीचं काम चाललं होतं ते पाण्यात उरलेलं औषध उन्हानं मोडायचं. काचेच्या ताटलीवर नॅनो पूड बसवायची, वर पाणी सोडायचं, उन्हात ठेवायचं. नमुना म्हणून तिनं घरच्याच मोरीच्या शोषखड्ड्यातलं पाणी नेलं. आई फिटच्या कॅप्सूल घेते, थोडं औषध अंगातून उतरतच असेल, असा तिचा अंदाज. बाटली फ्रिजमध्ये राहिली, आणि त्याच आठवड्यात आई फिट येऊन ओट्यापाशी पडली ती उठलीच नाही.

महिन्यानं बाटली उघडली. यंत्रावर औषधाची रेघ पार वर गेली. सर म्हणाले, "हे अंगातून आलेलं नाही. पोटात गेलेलं औषध शरीर बहुतेक मोडून टाकतं. हे कुणीतरी सरळ मोरीत ओतलंय."

जागृतीला दिवाळीची सुट्टी आठवली. शहाणपण मिरवत तीच बोलली होती, "मम्मी, कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांपासून करतात, माहितीये?" त्या वेळी आईनं तिचं शास्त्र अवसरीला धाडलं नव्हतं. कॅप्सूल कचऱ्यात टाकल्या तर मुंग्या खाऊन मरतील म्हणून मोरीत सोडल्या असणार. आईच ती.

ताटली चार तास उन्हात होती. मग औषधाचा मागमूसही उरला नाही. सर खूश झाले. जागृती संडासाचं दार लावून रडली.

ती घरी आली तेव्हा वडील, मांगीलाल, आडापाशी पाणी गाळत होते. महिनाभर ते एकच घोकत होते, की ती पडली त्या सकाळी दुकानाच्या घाईत आपणच बायकोच्या हातावर कॅप्सूल ठेवायला विसरलो. जागृती गप्प बसली असती तर तिचं नाव कधीच निघालं नसतं. पण तिला बापाचं ते तोंड बघवेना. तिनं सगळं सांगितलं.

मांगीलालनी फडकं उलटं धरून त्यावर तांब्याभर पाणी सोडलं. जीव आडात गेले. फडकं पिळायचं नसतं, म्हणून त्यांनी ते तसंच दोरीवर टाकलं.

"तू तिला लई सांगायचीस," ते म्हणाले. "तिनं तुझं येवढं एकच ऐकलं व्हतं, पोरी."