तिन्ही ठिकाणी सारखाच

बोराएवढा बल्ब, आत केसासारखी तार... पंजाबराव मघापासून तिच्याकडेच पाहत होता. हर्षानं असे तीन बल्ब पुठ्ठ्यावर एकाच वायरीत एकामागून एक जोडले होते. उद्या तिचं दहावीचं प्रॅक्टिकल. त्याची बायको कांता दवाखान्यात — आणि काल डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं, आता घरी न्या, इलाज सरला... हे पोरीला परीक्षेनंतरच कळावं, एवढंच त्याला हवं होतं. तोवर मी सोसतो की. स्टील प्लांटात क्रेनवर जन्मभर ओझीच उचलली.

“पहिला बल्ब जास्त खात असन ना? मंग मागच्याईले कमी भेटत असन.”

“नहीं बाबा, करंट कोई खाता नहीं.” ती त्याच्याशी हिंदीतच बोलायची, मराठी आईपुरती. “तीनों के रेझिस्टन्स जोडो. तीन, चार, पाँच — बारह ओम. सेल छह व्होल्ट के. छह भागे बारह, आधा अँपियर. सब में आधा.”

त्याला पटेना. तिनं अमीटर पहिल्या बल्बापुढे लावला, मग दुसऱ्यापुढे, मग शेवटच्याही मागे. काटा दर वेळी त्याच रेघेवर. पुढच्यानं आधी सोसलं तरी मागच्याला काहीच कमी नाही? मग मी काल...

काल ओसरीत उभा राहून त्यानं गोंदियाच्या बहिणीला फोन केला होता, मोठ्यानं — “महिनाबी नाही काढत म्हणते वं, कांता...” खुर्सीपारच्या त्या कामगारवस्तीतल्या गल्लीत शेजारी कोणी तेलुगू, कोणी ओडिया, कोणी छत्तीसगढी, झाकायचं ते मराठीत बोलायचं, ही त्याची जुनीच सवय. आणि आत हर्षा हिंदीतून धडे घोकत होती, म्हणून तो बिनघोर. अरे येड्या, पोरगी कोणाची? फोन ठेवला तेव्हा आतलं घोकणं थांबलं होतं, आणि त्याला वाटलं, झोपली असेल.

“बाबा,” वायरीवरची नजर न काढता ती म्हणाली, “मले आज आईजवळ यायचं हाये. तुमी नाही म्हनू नका.”

मराठीत. त्याच्याशी.

तिच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. कालपासून तीही तेच सोसत होती, जेवढं तो, तेवढंच. त्याच्यामुळे तिचं रतीभरही हलकं झालं नव्हतं. त्याला भडभडून आलं... आणि आपण एकटे नाही म्हणून बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच फार लाज वाटली.