व्याह्यांनी बसवलेला पट्टा

सोयरीक ठरली तेव्हा कृष्णातला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर व्याही मेकॅनिक मिळाला याचा. लेक स्नेहल पिराजींच्या घरात जाणार आणि आपली जुनी मोटार पिराजींच्या गॅरेजात. सुपारी फुटली न फुटली, तोच गाडी कसबा बावड्यात त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या चाकांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा, झिजला होता. पिराजींनी तो स्वतःच्या हातानं बदलला, पट्ट्याच्या आवळलेल्या बोल्टांवर, पुन्हा कुणी हात लावला तर कळावं म्हणून, आपल्या सवयीप्रमाणे पिवळ्या रंगाचे ठिपके दिले आणि म्हणाले, "आता बघायचं काम न्हाय."

त्या दिवसापासून गाडीचा जोरच गेला. सपाटीला रडायची, चढ दिसला की थरथरायची आणि मागून फटाके फोडायची. दुसरा कुणी मेकॅनिक असता तर कृष्णातनं त्याच्या दारात उभं राहून अख्खी मंगळवार पेठ गोळा केली असती. पण हा मुलाचा बाप! मुलीच्या बापानं त्याला 'तुमचं काम चुकलं' म्हणायचं? आपल्यात लग्न मोडायला याहून कमी पुरतं.

म्हणून कृष्णातनं पट्टा सोडून सगळ्या गाडीवर संशय घेतला. प्लग बदलले. कार्बोरेटर धुतला. पेट्रोलमध्ये रॉकेल असणार म्हणून दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. पिराजी चहाला आले की बॉनेट उघडून, पट्ट्यावरचं झाकण उचकून आपले ठिपके कौतुकानं बघत आणि विचारत, "कशी पळतीया?"

"एक नंबर!" कृष्णात सांगे.

शेवटी स्नेहलला घेऊन तो चोरासारखा शाहूपुरीत आकाराम मेकॅनिककडे गेला. आकारामनं पट्ट्यावरचं क्लिपांचं झाकण काढलं, इंजिन हातानं फिरवलं. दोन चाकांवरच्या खुणा जागेवर यायला हव्या होत्या. एक आली, दुसरी पुढं सरकलेली.

"पट्टा एक दात चुकलाय. बसवू नीट?"

"बोल्ट ढिलं करावं लागतील?"

"मग काय फुकून निघतोय व्हय?"

ठिपके मोडणार, पिराजींना कळणार. कृष्णात म्हणाला, "लावा ते झाकण."

घरी परतताना स्नेहल बापाशेजारी बसायचं सोडून मागच्या सीटवर जाऊन बसली.

लग्नपत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका जोतिबाला ठेवायची होती. पिराजी म्हणाले, "तुमच्याच गाडीनं जाऊ की." कृष्णातच्या शेजारी पिराजी बसले, मागं स्नेहल आणि तिची आई बनाबाई. डोंगराचा चढ लागला आणि गाडीनं मान टाकली. पायी निघालेली माणसं पुढं जाऊ लागली. कृष्णात घामानं भिजला.

"चढ हाय, जरा दम खाती," तो म्हणाला.

पिराजी मिशीतल्या मिशीत हसले. "पावणं, पट्टा एक दात चुकलाय."

कृष्णातनं ब्रेक दाबला. गाडी बंद पडली.

"मला दुसऱ्याच दिवशी आवाजावरनं कळलंतं," पिराजी म्हणाले. "म्हटलं, बघू तर, पोरीचा बाप तोंड उघडतोय का. न्हाय उघडलासा. मानलं! असलंच सोयरं पायजेत. आमच्या घरात उलटून बोललेलं खपत न्हाय."

हे ते खरोखर कौतुकानंच म्हणाले. कृष्णातला मात्र थोबाडीत बसल्यासारखं झालं. इतके दिवस आपण लेकीचा संसार जपतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात जन्मभर लेक गप बसेल, याची तो हमी देत होता. त्याला स्वतःची किळस आली.

"आबा, मला न्हाय जायाचं त्या घरात," मागून स्नेहल म्हणाली.

"अगं, पत्रिका छापल्यात," बनाबाई कुजबुजली.

"छापल्या तर छापल्या," म्हणत कृष्णातनं गाडी चालू केली आणि वळवली.

"अवं, देव वर हाय!" पिराजी ओरडले.

"लगीनच न्हाय, तर पत्रिका कसली ठिवू?"

उताराला गाडी झकास पळाली. अडचण एवढीच, की सोयरीक मोडली तरी व्याही पुढच्या सीटवर होते आणि त्यांना बावड्यापर्यंत सोडणं भाग होतं. रस्ताभर कृष्णात साठलेलं सगळं त्यांना मोठमोठ्यानं सुनावत राहिला आणि कुठं विसरलाच तर मागून स्नेहल म्हणायची, "आबा, प्लगचं ऱ्हायलं."